सुईदोरा : तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

दिवाळी झाली की धुळे-जळगावकडे रात्रीचा गारठा पडायला लागतो आणि घरी गोधड्या शिवणाऱ्या बायकांचे प्रश्न एकदम वाढतात. या वेळी चार घेतलेत. पहिल्याला जरा जास्त जागा दिलीये कारण तो सगळ्यांचाच आहे.

प्रश्न : ताई, मी अमळनेर तालुक्यात राहते, लोकांच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या हाताने शिवून देते. सिंगलचे ९०० रुपये घेते तरी बाया म्हणतात, "माय वं, चिंध्यासना इतला पैसा!" साडी त्यांचीच असते त्यामुळे जास्त सांगायला माझीच जीभ उचलत नाही. आणि जाऊ-नणंदेकडून तर मागताच येत नाही. रेट कसा ठरवू?

तुम्ही ९०० जास्त घेत नाही, फार कमी घेताय. आपण हिशोबच करू. साडी साडेपाच मीटर म्हणजे साधारण २१६ इंच, पन्हा ४५. तिचे ५४ इंचाचे चार तुकडे केले आणि दोन-दोन जोडले की ५४ बाय ९० ची वरची बाजू होते आणि तेवढीच खालची, जोडात इंचभर जातं ते सोडा. म्हणजे एका साडीत सिंगल बसते. आता धावदोरा एकेक इंचावर घालत कडेकडेने आत येत गेलात तर ५४ गुणिले ९०, म्हणजे ४८६० इंच शिलाई झाली, १२३ मीटर! इंचाला चार टाके धरले तर एकोणीस हजारांच्या वर टाके जातात. मिनिटाला दहा टाके पडतात असं धरलं, मधे दोरा ओवणं, पाणी, दार उघडायला उठणं काहीच नाही धरलं, तरी ३२ तास लागतात. तुमच्या ९०० मधून दोऱ्याचे आणि आतल्या थराच्या कापडाचे दीडशे गेले असं समजा, मग तासाला हातात पडले २३ रुपये. कापूस वेचायला गेलो तर संध्याकाळी काट्यावर किलो मोजूनच पैसे घेतो ना आपण, मग इथे आपले टाके का मोजायचे नाहीत?

तासाला निदान ४० धरा, वर कापड-दोऱ्याचे दीडशे मिळवा, म्हणजे १४००-१५०० होतात. पण एकदम रेट वाढवून गिऱ्हाईक तोडू नका, त्यांना निवडू द्या. ओळींमधलं अंतर दोन इंच ठेवलं की शिलाई निम्मी होते, सोळा तासात काम, ती गोधडी ९०० ला परवडते. हातभर लांबीचे दोन नमुने शिवून दाराशीच ठेवा, एक इंची आणि दोन इंची, आणि बाईला हातात घेऊन बघू द्या. दाट शिवलेली दिसते वेगळी, धुतल्यावर आतला थर गोळा पण होत नाही, हे हाताला कळतं मग भावाचं फार बोलावं लागत नाही. मी हे नमुने ठेवायला लागल्यापासून निम्म्या बाया स्वतःहून दाटच मागतात.

जाऊ-नणंदेचं सांगते, हे पैशापेक्षा अवघड असतं. मी घरातल्यांसाठी एकच नियम ठेवलाय, बाळंतपणाला पहिलं दुपटं माझ्याकडून, आनंदाने. बाकी सगळ्याला निदान कापड-दोऱ्याचे पैसे आणि नंबर रांगेतला. एकदा सगळ्यांना सारखंच सांगितलं की कुणाला राग धरायला जागा राहत नाही, पहिल्या वेळी बोलायला जड जातं तेवढंच.

प्रश्न : धुळ्याहून विचारते. एकाने फोन करून सांगितलं की उद्यम नोंदणीचे १५०० रुपये भरा, नाहीतर घरून शिलाईचा धंदा करता येणार नाही. भरू का? आणि विश्वकर्मा योजनेत गोधडीवाल्या बसतात का?

एक रुपया भरू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधारवरून, घरबसल्या. आणि ती नसली तर धंदा बंद पडतो असं काही नाही, पण बँकेत कर्जाला गेलात की कामाला येते म्हणून करून ठेवा.

पीएम विश्वकर्मा ही केंद्र सरकारची कारागिरांसाठीची योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यात १८ व्यवसाय आहेत आणि शिंपीकाम त्यातलं एक. वेगळं गोधडी असं नाव नाही, तर शिलाईकाम म्हणून अर्ज करायचा. सीएससी सेंटरवर (सरकारी कामांचे ऑनलाइन अर्ज भरून देणारं केंद्र) नोंदणी, मग गावात ग्रामपंचायत आणि शहरात नगरपालिका-महापालिका पडताळणी करते. पाच-सात दिवसांचं प्राथमिक ट्रेनिंग असतं त्याचे रोजचे ५०० मिळतात, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर, आणि पहिलं कर्ज १ लाखापर्यंत ५ टक्के व्याजाने, १८ महिन्यात फेडायचं. घरातल्या एकालाच मिळते, आणि सरकारी नोकरीवाल्याच्या कुटुंबाला नाही. पाच वर्षात मुद्रा लोन घेतलं असेल आणि अजून फिटलं नसेल तर आधी ते फेडा. माझं मत विचाराल तर, कर्ज मिळतंय म्हणून घेऊ नका, दहा-बारा ऑर्डरी कायम हातात असतील तरच घ्या.

जीएसटीची भीती बऱ्याच जणींना असते. साडी गिऱ्हाइकाची आणि शिलाई फक्त तुमची असेल तर ती सेवा धरतात, वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. स्वतः कापड आणून तयार गोधड्या राज्यातच विकल्या तर ४० लाखांपर्यंत. आपण घरून करणाऱ्या त्याच्या खूप अलीकडे असतो.

प्रश्न : भुसावळ. मशीनवर गोधडी घेतली की सुई मोडते नाहीतर खालचं कापड गोळा होतं. नवीन मशीन घ्यावं का?

घाई नको. सुई १८ नंबरची लावा, टाका लांब करा, आणि दट्ट्याचा, म्हणजे सुईखाली कापड दाबून धरणाऱ्या पायाचा, दाब थोडा सैल करा. कापड गोळा होतं ते बहुतेक कच्चा टाका नीट न घातल्यामुळे. सगळे थर जमिनीवर ताणून अंथरा, मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला कच्चे टाके घालत जा, आणि मशीनवर पण मधूनच सुरुवात करा, कडेपासून नाही. आणि सुरतेची पॉलिस्टर साडी आत थर म्हणून घालत असाल तर ती घसरणारच, शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात अशी गोधडी अंगाखाली घेववत नाही. आत सुतीच घाला. मोटर लावा पण पायाचं स्टँड विकू नका, लाइट गेल्यावर तेच कामाला येतं.

प्रश्न : शहाद्याहून लिहिते आहे. एका ताईने तिच्या वारलेल्या आईचं नऊवारी लुगडं गोधडीला दिलं. मी शिवायच्या आधी धुतलं तर घडीवर सरळ रेषेत फाटलं. अजून तिला सांगितलं नाही, दोन दिवस झोप नाही. काय करू?

आजच सांगा. फोनवर नको, जवळ असेल तर लुगडं घेऊन जा तिच्याकडे. गुपचूप रफू करून ती ओळखणार नाही असं समजू नका, आईचं लुगडं मुलगी ओळखतेच.

फाटलं त्यात तुमची फार चूक नाही, वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की तिथला धागा मरतो आणि पाण्याचं वजन त्याला झेपत नाही. माझ्याकडून यापेक्षा वाईट झालं होतं. लाल इरकलीचा रंग एका बाईच्या पांढऱ्या साडीवर उतरला, मिठाच्या पाण्यात भिजवली की रंग पक्का होतो असं ऐकलेलं म्हणून मी दोन्ही एकाच बादलीत टाकल्या होत्या. मिठाने काही पक्का होत नाही. तेव्हापासून ओला पांढरा फडका काठावर घासून बघते आणि मगच पाण्यात घालते. त्या बाईकडून शिलाई घेतली नाही, तरी ती पांढरी साडी परत आली नाहीच.

म्हणून आता मी साडी घेतानाच गिऱ्हाइकासमोर उजेडात धरते, घडीवर दोन्ही अंगठ्यांनी हलकं ओढून बघते, विरलेलं असेल तर वहीत लिहून तिची सही घेते आणि फोटो काढते. जुनं लुगडं धुण्याच्या मशीनमध्ये कधीच नाही, बादलीत नुसतं बुचकळायचं, पिळायचं नाही, सावलीत आडवं पसरायचं.

तुमच्या त्या लुगड्याचं अजून बरंच होईल. आठ मीटरच्या आसपास कापड आहे, फाटलेल्या रेषा सोडून जे धड आहे ते मलमलच्या पातळ अस्तरावर टाकून वर घ्या, पदर मधोमध येऊ द्या. फाटके तुकडे टाकू नका, आतल्या थरात अंथरा, म्हणजे सगळं लुगडं त्या गोधडीतच राहील, आणि हे तिला सांगा, बहुतेक तिला हेच ऐकायचं असेल. काठाची दोन बोटं रुंद पट्टी मात्र बाजूला ठेवा आणि गोधडी देताना पाकिटात घालून तिच्या हातात द्या.