स्कोअर अधलामधला, कार्ड तर हवंय : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, देवगडला आमची थोडी कलमं आहेत, आणि घराला लागून दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात. खोल्यांसाठी फ्रिज, गाद्या वगैरे ऑनलाइन घ्यायचंय, कार्डावर ऑफर असते म्हणून क्रेडिट कार्ड हवंय. सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, ६७२ आहे. मोबाइलवरून दोन बँकांना अर्ज टाकला, दोन्हीकडून नकार, कारण कोणी सांगत नाही. भावोजी म्हणतात दहा ठिकाणी टाक, एक तरी लागेल. टाकू का?

उत्तर : भावोजींना सांगा, हे गळ टाकून बसण्यातलं काम नाही. अर्ज केला की ती बँक तुमचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदी, मागवते, त्याची इन्क्वायरी म्हणून नोंद होते आणि पुढच्या बँकेला ती दिसते. महिनाभरात चार-पाच इन्क्वायऱ्या दिसल्या की समोरचा समजतो माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय. मी पण बँकेत टेबलाच्या पलीकडे बसून तसंच समजायचे, खोटं कशाला सांगू. तेव्हा तिसरा अर्ज आत्ता नाही. निदान पाच-सहा महिने थांबा. आणि नकाराचं कारण सांगत नाहीत म्हणता ना, तर ते लेखी कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. दोन्ही बँकांना एक-एक ईमेल टाका, "माझा अर्ज का नाकारला ते लेखी कळवावे", बस एवढंच.

आता ६७२ चं बघू. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या वर असला की बँका स्वतःच मागे लागतात, तुम्ही मधल्या पट्ट्यात आहात. ७५० च्या खाली कार्ड द्यायचंच नाही असा काही कायदा नाही हं, प्रत्येक बँक आपापली रेघ ओढते. पण आकड्याकडे बघत बसून काही होत नाही, तो आकडा कशामुळे आला ते रिपोर्टात असतं, आणि रिपोर्ट बहुतेक लोक उघडतच नाहीत. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा हे रिपोर्ट ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, भलत्या ॲपवर पॅन नंबर देऊ नका. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती आधी मनातून काढा.

रिपोर्टात प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे छोटे छोटे चौकोन दिसतील. त्यात तीन शून्यं किंवा एसटीडी (स्टँडर्ड) असेल तर त्या महिन्यात सगळं ठीक. ०३०, ०६० असं काही दिसलं तर हप्ता तेवढे दिवस थकलेला होता. तुमच्याकडे बाग आहे म्हणजे केसीसी (किसान क्रेडिट कार्ड) असणारच, ते पहिलं बघा. आपल्याकडे लोकांना वाटतं केसीसी म्हणजे शेतीचं कर्ज, त्याचा सिबिलशी काय संबंध, तर तसं नाही, तेही तिथे दिसतं. वाशीच्या दलालाची पट्टी, म्हणजे आंब्याचा हिशोब, उशिरा आली, मग नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं भरून नवं उचलायला, दोन महिने लेट झाला, बँकवाले ओळखीचे, ते काही बोलले नाहीत, पण कॉम्प्युटरने लिहून ठेवलं. आणि कोणाच्या गाडीला, कोणाच्या बोटीला जामीन राहिला असाल आणि कर्ज बँकेचं असेल तर तेही तुमच्या रिपोर्टात येतं, त्याने हप्ता थकवला की बट्टा तुम्हालाही लागतो.

दुसरं म्हणजे चुका. आमच्या ब्रँचला एक तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे प्रमुख, यायचे, बोटीच्या इंजिनासाठी कर्ज हवं होतं आणि स्कोअर कायम खाली. रिपोर्ट काढला तर त्यात एक टीव्हीचं कर्ज थकलेलं. ते म्हणाले, मॅडम, आमच्याकडे अजून जुनाच टीव्ही आहे! ते कर्ज निघालं त्यांच्याच वाडीतल्या माणसाचं, नाव तेच, वडलांचं नाव तेच, आडनाव तर अख्ख्या वाडीचं एकच. कोकणात हे असं होणारच. असं काही सापडलं तर त्याच कंपनीच्या साइटवर तक्रार करायची, फुकट असते. ३० दिवसांत निकाली काढली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असा नियम आता आहे. बहुतेकांना हे माहीतच नसतं.

हे सगळं झालं की मग कार्ड. तुमच्यासारख्याला मी एकच सांगेन, एफडीवरचं कार्ड घ्या. तुमचं खातं जिथे आहे तिथेच आधी विचारा, बऱ्याच बँका देतात. समजा २५ हजारांची एफडी केली तर तिच्या ८० टक्के किंवा जास्त लिमिट मिळतं, म्हणजे वीसेक हजार, एफडीचं व्याज चालूच राहतं, आणि बँकेकडे तारण असल्यामुळे ती स्कोअरकडे फार बघत नाही, पगाराची स्लिपही बहुधा मागत नाही. नाहीतर बागायतदाराने उत्पन्न दाखवायचं म्हणजे दोन-तीन वर्षांची इन्कम टॅक्सची रिटर्न्स, आणि ती भरलेली असली तर! लोकांना एफडीवरचं कार्ड कमीपणाचं वाटतं, स्वतःच्याच पैशावर उधारी कसली म्हणतात. पण दुकानात स्वाइप केलं की त्यावर काही लिहिलेलं नसतं, आणि सिबिलकडे नोंद साध्या कार्डासारखीच जाते.

मात्र वीस हजार लिमिट म्हणून वीस हजारांचा फ्रिज घेऊन टाकलात तर सगळं मुसळ केरात. स्कोअर वर न्यायचा तर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत राहायचं, इथे सहा हजार. पेट्रोल, लाइट बिल, गॅस, एवढंच कार्डावर टाका आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप जाईल अशी सूचना देऊन ठेवा. बिलावर मिनिमम ड्यू, म्हणजे निदान एवढे तरी भरा, म्हणून एक गोंडस आकडा असतो त्याच्याकडे बघूच नका. हिशोब करून दाखवते. वीस हजार थकले, पाच टक्क्यांनी मिनिमम ड्यू हजार रुपये, तुम्ही खुशीत भरले. महिन्याचं व्याज साडेतीन टक्के धरलं तर ७०० रुपये, त्याच्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १२६, झाले ८२६. तुमच्या हजारातले मूळ रकमेला लागले फक्त १७४! शिवाय मागचं बाकी असेपर्यंत नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज, ते बिनव्याजी ४५-५० दिवस विसरा. आणि कोर्टात जाऊन व्याज कमी होईल अशी आशा नको, वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज नको म्हणणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केलाय.

तुमची खरी अडचण स्कोअरची नाहीच, तारखांची आहे. हापूसचे पैसे एप्रिल-मेमध्ये येतात, खोल्यांचे दिवाळीत, नाताळात आणि मे महिन्यात, आणि कार्डाचं बिल बाराही महिने येतं. पावसाळ्यात पाहुणा नाही, बागेत खतं चालू, तेव्हाच हप्ते चुकतात. म्हणून सीझनला पैसे आले की पाच-सहा महिन्यांच्या कार्डबिलाएवढे वेगळ्या खात्यात टाका आणि ऑटो पेमेंट त्याच खात्याला जोडा. बिलाची तारीख सोयीची नसेल तर बँकेला ती निदान एकदा तरी बदलून द्यावीच लागते, मागून घ्या. असं आठ-दहा महिने नीट चाललं की रिपोर्ट परत काढा, तेव्हा साध्या कार्डाला अर्ज करा, एकाच ठिकाणी. फ्रिज तोवर रोखीने घ्या, देवगडच्या दुकानदाराशी जरा घासाघीस केलीत तर ऑनलाइनवाल्यापेक्षा फार महाग पडणार नाही.

प्रश्न : माझ्या जुन्या कार्डाचे ६२ हजार थकलेत. वसुलीवाला म्हणतो ४० हजार भरा, फाइल बंद. भरू का? (वेंगुर्ला)

उत्तर : बंद होत नाही, सेटल्ड होते, दोन्हीत फार फरक आहे. रिपोर्टात सेटल्ड लिहून आलं की पुढच्या प्रत्येक बँकेला दिसतं की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, आणि ते वर्षानुवर्षं राहतं. जमत असेल तर बँकेकडूनच हप्ते पाडून घ्या आणि पूर्ण भरा. अगदीच शक्य नसेल, घरात आजारपण वगैरे असेल, तर सेटलमेंट करा, मी नाही म्हणणार नाही, पण ऑफर बँकेच्या लेटरहेडवर लेखी आल्याशिवाय एक रुपया देऊ नका आणि त्या माणसाच्या हातात किंवा त्याच्या नंबरवर तर मुळीच नाही. पैसे भरले की बाकी काही नाही असं पत्र घेऊन ठेवा.

प्रश्न : चिपळूणला स्टँडवर एका मुलाने आधार आणि सही घेतली, आता घरी कार्ड आलंय आणि ओटीपी सांगा म्हणून फोन येतायत. मला कार्ड नकोच आहे.

उत्तर : फोनवर ओटीपी कोणालाही सांगू नका, तो खरंच बँकेचा असला तरी नाही. कार्ड वापरलं नाही, ३० दिवस चालू केलं नाही, तर बँकेने तुमची ओटीपीने संमती घ्यायची असते. ती दिली नाहीत तर सात कामाच्या दिवसांत बँकेने ते कार्ड एक पैसाही न घेता बंद करायचं असतं. तरी तुम्ही स्वतःच कार्डासोबत आलेल्या पत्रावरच्या ईमेलवर नको म्हणून लिहा, तारखेसकट. वार्षिक फीचं बिल आलं तर भरू नका, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, तिथे पैसे लागत नाहीत.

प्रश्न : ताई, रिक्षा चालवतंय, आजपर्यंत कधी कर्ज घेतलंय नाय. माका कार्ड मिळात काय? (कुडाळ)

उत्तर : मिळात! कर्जच नाही म्हणजे तुमचा स्कोअर वाईट नाही, तो अजून तयारच झालेला नाही. वर देवगडकरांना सांगितलं तेच, छोटी एफडी करा आणि तिच्यावर कार्ड घ्या. रुपेचं (व्हिसा-मास्टरकार्डसारखं आपलं देशी) मागा, ते यूपीआयला जोडता येतं, म्हणजे पंपावर क्यूआर स्कॅन करूनही चालेल. फक्त त्या कार्डावर एटीएममधून कॅश काढू नका, त्याच दिवसापासून व्याज लागतं आणि वर फी वेगळी.