दया येऊन दुकानातले पिल्लू विकत घ्यावे का?

प्रश्न : आमच्या घराजवळच्या बाजारात पाळीव प्राण्यांचे एक दुकान आहे. ऐन मे महिन्यात तिथे कुत्र्याची चार-पाच पिल्ले एकाच पिंजऱ्यात कोंबलेली असतात. पाण्याचे भांडे बहुधा कलंडलेले असते आणि पिल्ले तळाच्या जाळीवरच झोपतात. त्यांतले एक तरी घरी आणून त्याची सुटका करावी, असा मुलीचा हट्ट आहे. सासरेबुवा मात्र अशा ठिकाणी काही घेऊच नये म्हणतात. दुकानदार म्हणतो, ‘आम्ही त्यांना उपाशी ठेवतो का?’ कोणाचे ऐकावे?
— एक वाचक भगिनी, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, आपल्या मुलीची कळकळ खरी आहे, परंतु या बाबतीत सासरेबुवांचे म्हणणे मला पटते. आपण एक पिल्लू आणले, तर त्या पिल्लाची सुटका होईल. पण दुकानदाराच्या दृष्टीने तो एक सौदा असतो आणि रिकाम्या झालेल्या जागी लवकरच दुसरे पिल्लू येते. दयेने दिलेला पैसाही त्याच गल्ल्यात जातो.

प्रश्न केवळ उपाशी ठेवण्याचा नाही. आईच्या चिकातून मिळालेली रोगप्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात काही आठवडेच टिकते, आणि ती ओसरण्याच्या व लसीचा पूर्ण परिणाम होण्याच्या मधल्या काळातच नेमकी ही पिल्ले दुकानात येतात. दुकानातून घरी नेलेले पिल्लू तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाणे सोडते, उलट्या करू लागते आणि त्याला रक्तमिश्रित जुलाब होतात, हे चित्र पशुवैद्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. हा आजार ज्यामुळे होतो, त्या पार्वो विषाणूची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः तीन ते सात दिवस जातात. म्हणजे असे पिल्लू घरी येऊन आजारी पडलेले नसते, बहुतेक वेळा ते आजार घेऊनच आलेले असते. हा विषाणू पिंजऱ्यात आणि फरशीवर महिनोन् महिने तग धरतो आणि नेहमीच्या फिनाइलने मरेलच याची खात्री नसते. त्यामुळे दाटीवाटीने ठेवलेल्या पिल्लांपैकी एकाला लागण झाली, की बाकीच्यांचा आणि त्यांच्यामागून येणाऱ्यांचाही जीव धोक्यात येतो.

कायदा आहे. २०१८च्या पेट शॉप नियमांनुसार अशा दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. प्राण्याला नीट हालचालही करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये इतकाच असल्यामुळे त्याचा धाक कोणाला वाटणार? त्याच दुकानात देशी पोपट किंवा मुनिया दिसल्यास वन विभागाला कळवावे, कारण १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार त्यांची विक्री करता येत नाही.

सगळेच दुकानदार निर्दय असतात, असे मी म्हणणार नाही. काही जण मनापासून निगा राखतात. तरीही कुत्र्या-मांजरांची दुकानातली विक्री बंदच व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्लंडमध्ये २०२०पासून मध्यस्थ व्यापाऱ्याने सहा महिन्यांच्या आतील पिल्ले विकण्यास बंदी आहे आणि फ्रान्सने २०२४पासून दुकानांत कुत्री-मांजरे विकण्यास मनाई केली आहे. पिल्लाची आई, तिचे वय आणि तिला ठेवलेली जागा ग्राहकाला कधीच दिसत नाही, हा या व्यापाराचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि दुकान कितीही स्वच्छ ठेवले तरी तो जात नाही.

आपण दुकानात जाऊन नोंदणी प्रमाणपत्र पाहायला मागावे. ते नसेल किंवा पिंजऱ्याची स्थिती तीच असेल, तर तारीख-वेळ दिसेल असे फोटो जोडून पशुपालन विभागाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी, तिची एक प्रत कलेक्टर कार्यालयात द्यावी आणि दोन्ही ठिकाणची पोच अवश्य घ्यावी. तक्रारीवर मुलीलाही सही करू द्या. घरात कुत्रा आणायचाच असेल, तर गल्लीतले एखादे देशी पिल्लू आईचे दूध सुटल्यावर आणावे. इंदूरचा उन्हाळा या जातीच्या अंगवळणी पडलेला असतो. त्याला घरी आणल्याबरोबर पशुवैद्याला दाखवावे, आणि लसीचे सगळे डोस पूर्ण होईपर्यंत इतर कुत्र्यांत मिसळू देऊ नये.