सव्वापाच फूट उंचीचा खेळाडू एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) खरंच होता का?

हो, होता: मग्सी बोग्स. उंची बरोब्बर सव्वापाच फूट, आणि गडी तब्बल 14 हंगाम टिकला. 1987 मध्ये वॉशिंग्टन बुलेट्सनं त्याला घेतलं. त्याच संघात सात फूट सात इंचांचा मानूट बोल होता; दोघांचा शेजारी उभे असलेला फोटो शोधून बघाच! नाव झालं ते मात्र शार्लट हॉर्नेट्सकडून खेळताना. बुटकेपणाच कामी आला: चेंडू इतका जमिनीलगत टप्पे घ्यायचा, की उंच खेळाडू वाकेपर्यंत पास गेलेला असायचा. एनबीएच्या नोंदींत त्याच्या नावावर 6,700 हून जास्त असिस्ट (सहकाऱ्याला थेट गोल करून देणारे पास) आहेत. पण यावरून उंची लागतच नाही असं समजू नका. एनबीएत इतका बुटका दुसरा कुणी झालेला नाही.