अठरा पूर्ण होण्याआधी आईवडिलांच्या संमतीशिवाय घर सोडता येते का?

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे: वय सतरा वर्षे चार महिने, बारावीचे वर्ष, वडील हात उचलतात, आणि परीक्षा संपताच लग्न उरकून टाकण्याची बोलणी घरात चालू आहेत. अशा वेळी कोणाला न विचारता मैत्रिणीच्या घरी राहायला गेले तर कायद्याने चालते का, पोलीस परत आणतील का, आणि मैत्रिणीच्या आईवडिलांवर काही बालंट येईल का? मी वकिली करतो आणि बाल कल्याण समितीपुढे (संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीपुढे) मुलांच्या बाजूने अनेकदा उभा राहिलो आहे, म्हणून भारतातील कायद्यापुरते उत्तर देतो.

तुम्ही स्वतःहून घराबाहेर पडलात तर तुमच्या हातून कोणताही गुन्हा घडत नाही, आणि त्यासाठी तुम्हाला शिक्षा होऊ शकत नाही. मात्र गुन्हा नाही म्हणजे हक्क आहे, असे होत नाही. १८७५ च्या सज्ञानता कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत तुम्ही ‘अज्ञान’, म्हणजे अल्पवयीन आहात आणि तुमचा ताबा पालकांकडे आहे. पाल्य पालकाचा ताबा सोडून गेले आणि त्याचे परत येणे त्याच्या हिताचे आहे असे न्यायालयाला वाटले, तर परत पाठवण्याचा आदेश देण्याचा अधिकार १८९० च्या पालक व पाल्य कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. ‘हिताचे’ हा शब्द मात्र तुमच्या बाजूचा आहे. शिवाय पालक नेमताना, समजून-उमजून मत देण्याइतके मूल मोठे असेल तर न्यायालय ते मत विचारात घेऊ शकते, असे याच कायद्याचे कलम १७ सांगते. सतराव्या वर्षी तुमचे म्हणणे सहसा कोणी बाजूला सारत नाही. इंटरनेटवर ‘इमॅन्सिपेशन’ नावाचा जो प्रकार वाचायला मिळतो, म्हणजे न्यायालयात अर्ज करून अठराच्या आत पालकांपासून मोकळे होणे, तो अमेरिकेतील काही राज्यांचा आहे. कॅलिफोर्नियात चौदा वर्षांपासून तसा अर्ज करता येतो. आपल्याकडे तशी तरतूद नाही, त्यामुळे तसे कागद करून देतो असे सांगून कोणी पैसे मागत असेल तर त्याच्या नादी लागू नका.

खरी जोखीम आहे ती मैत्रिणीच्या आईवडिलांना. भारतीय न्याय संहितेच्या कलम १३७ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला पालकांच्या ताब्यातून ‘नेणे’ किंवा ‘फूस लावून नेणे’ हे अपहरण आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. (जुन्या दंड संहितेत ही मर्यादा मुलग्यांसाठी सोळा होती. १ जुलै २०२४ पासून मुलगा असो वा मुलगी, अठराच आहे.) येथे तुमची संमती त्यांच्या बचावाला पुरत नाही, कारण कायदा पालकांच्या ताब्याचे रक्षण करतो. पुरते ते वेगळेच काही. मद्रासच्या वरदराजन खटल्यात सज्ञान होण्याच्या उंबरठ्यावर असलेली एक मुलगी स्वतः घर सोडून एका तरुणाकडे गेली होती. आपण काय करतो आहोत हे पुरते कळण्याच्या वयाची मुलगी स्वेच्छेने आली आणि समोरच्याने तिला केवळ बरोबर राहू दिले, तर त्याला ‘नेणे’ म्हणता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि त्या तरुणाला दोषमुक्त केले. मात्र बाहेर पडण्याचा विचार मनात भरवण्यात किंवा ती योजना पार पाडण्यात त्याचा काही हात असता तर निकाल उलटा लागला असता. म्हणून मैत्रिणीच्या वडिलांनी गाडी पाठवणे, आईने फोनवर ‘ये, आम्ही आहोत’ असे सांगणे, आठवडाभर तुम्हाला लपवून ठेवणे, या मायेपोटी केलेल्या गोष्टी तक्रारीत नेमक्या त्यांच्याच विरुद्ध वाचल्या जातात. शिवाय निर्दोष सुटका ही खटला संपल्यावर होते; पोलीस ठाण्याच्या आणि न्यायालयाच्या खेपा त्याआधी होतात.

पोलिसांविषयी. आईवडिलांनी मूल बेपत्ता असल्याची तक्रार दिली की ठाण्यातल्या माणसांना ‘येईल दोन दिवसांत’ म्हणून ती बाजूला ठेवता येत नाही. २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलन या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा आणि सुरुवातीला अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असावी असे गृहीत धरूनच तपास करायचा. तेव्हा पोलीस तुमचा शोध घेणार हे धरून चाला. पण सापडल्यावर तुम्हाला कोठडीत ठेवता येत नाही, आणि घरी मारहाण होते असे तुम्ही सांगितले तर तुम्हाला सरळ आईवडिलांच्या हाती सोपवून मोकळे होणे हेही पोलिसांचे काम नाही. तुम्हाला चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे उभे करावे लागते.

माझा सगळा सल्ला या समितीभोवती फिरतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ अशी व्याख्या आहे. ज्याच्याबरोबर मूल राहते त्याच माणसाने, मग तो पालक का असेना, त्याला इजा केली असेल तर ते मूल या व्याख्येत येते. लग्नाचे वय होण्याआधी घरचेच ज्याचे लग्न लावून देण्याच्या बेतात आहेत ते मूल येते. घरातून निघून गेलेले मूलही येते. तुम्ही आजच यातल्या दोन कलमांत बसता, त्यासाठी पळून जाऊन तिसऱ्यात बसण्याची गरज नाही. दुसरे म्हणजे, मुलाला समितीपुढे कोण आणू शकते याची यादी कलम ३१ मध्ये दिली आहे. तिच्यात पोलीस आहेत, समाजसेवक आहेत, डॉक्टर आहेत, आणि ‘बालक स्वतः’ असेही स्पष्ट लिहिले आहे. हे अनेक वकिलांच्याही लक्षात राहत नाही. म्हणजे तुम्ही एकट्या, आईवडिलांच्या सहीशिवाय, समितीपुढे जाऊन ‘मला या घरात राहणे सुरक्षित वाटत नाही’ असे सांगू शकता. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला असावी लागते, आणि समितीला दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. बैठक नसेल त्या दिवशी एखाद्या सदस्यापुढेही जाता येते. पत्ता ठाऊक नसेल तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन क्रमांक रात्रीबेरात्रीही चालतो, आणि जिवाला धोका असेल तर ११२.

पुढे काय होते तेही आधी माहीत असू द्या, कारण इथे मुलांचा भ्रमनिरास होताना मी पाहिला आहे. समिती सामाजिक तपासणीचा आदेश देते, कोणीतरी तुमच्या घरी, कॉलेजात, शेजारी चौकशी करते, हा अहवाल पंधरा दिवसांत यावा असे कायदा म्हणतो, आणि अंतिम आदेशासाठी चार महिन्यांची मुदत आहे. तोवर तुम्हाला बालगृहात ठेवले जाऊ शकते. बालगृह म्हणजे वसतिगृह नव्हे. दारे बंद असतात, मोबाईल जवळ राहत नाही, कॉलेजला जाणे-येणेही संस्थेच्या सोयीने होते. परीक्षा जवळ असेल तर ती देण्याची व्यवस्था करावी अशी लेखी विनंती पहिल्याच दिवशी करा. त्याचबरोबर असेही मागा की समितीने एखाद्या नातेवाइकाला किंवा परिचिताला ‘योग्य व्यक्ती’ म्हणून मान्यता देऊन तुम्हाला त्यांच्याकडे ठेवावे. मावशी असू शकते, आणि समितीची खात्री पटली तर मैत्रिणीचे आईवडीलही असू शकतात. घर तेच, पण अशा आदेशानंतर तुमचे तेथे राहणे समितीच्या हुकमाने होते आणि अपहरणाच्या आरोपाला जागा उरत नाही. म्हणून मैत्रिणीच्या आईवडिलांना सांगा की तुम्ही अचानक त्यांच्या दारी पोहोचलातच, तर त्यांनी त्याच दिवशी १०९८ वर किंवा ठाण्यात कळवावे आणि कळवल्याची नोंद जवळ ठेवावी.

मारहाण नसती, केवळ मोबाईल काढून घेणे, बाहेर जाऊ न देणे, मनासारखी शाखा न मिळणे एवढेच असते, तर समितीने समुपदेशन करून तुम्हाला घरी परत पाठवले असते. कुटुंबात परत पाठवणे हे या कायद्याचे पहिले उद्दिष्ट आहे. मारहाणीची गोष्ट वेगळी. कलम ७५ नुसार ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने केलेल्या क्रूरतेला तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

लग्नाचे उत्तर सगळ्यांत सोपे आहे. बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ प्रमाणे न्यायदंडाधिकारी लग्न थांबवण्याचा मनाई हुकूम काढू शकतात, आणि तो मोडून लावलेले लग्न मुळातच रद्दबातल असते. हुकमाआधीच लग्न लावून टाकले, तरी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत तुम्ही ते न्यायालयातून रद्द करून घेऊ शकता.

पैशांचे थोडक्यात सांगतो. अज्ञानाने केलेला करार शून्यवत असतो, हे १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यापासून पक्के आहे, त्यामुळे तुमच्या नावावर भाडेकरार होणार नाही. धोकादायक नसलेले काम चौदानंतर करता येते. वकिलाची फी हा अडसर नाही, कारण महिला आणि बालकांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

अठरावा वाढदिवस उजाडला की, म्हणजे त्या दिवसाच्या आरंभीच, तुम्ही सज्ञान होता. त्यानंतर आईवडिलांनी बेपत्ताची तक्रार दिली तरी पोलिसांनी तुमचा जबाब घ्यायचा आणि तुम्हाला तुमच्या मार्गाने जाऊ द्यायचे. सज्ञान मुलीने कोठे राहावे हे ठरवण्यासाठी न्यायालय तिचे पालक बनू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. मात्र ही आठ महिन्यांची वाट मार खाऊन पाहायची नाही. उद्या कॉलेजात जाताना शाळा सोडल्याचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र आणि जन्मदाखला यांची छायाप्रत दप्तरात ठेवा. वयाविषयी वाद निघाला तर समिती आधी शाळेची किंवा बोर्डाची कागदपत्रे पाहते, ती नसतील तर जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणीला पाठवते.