टेबलावरचे वॉटर्लू

प्रश्न : आम्ही चौघे मित्र सुटीच्या दिवशी छोट्या सैनिकांचे युद्धखेळ खेळतो. येत्या १८ जूनला वॉटर्लूची लढाई (१८१५; एकीकडे नेपोलियनचे फ्रेंच, दुसरीकडे वेलिंग्टनची इंग्रज व दोस्त फौज आणि तिच्या मदतीला येणारे प्रशियन) संपूर्ण मांडण्याचा बेत आहे. टेबल ६ फूट बाय ४ फूट आहे आणि २८ मिलिमीटर उंचीचे सुमारे २०० सैनिक रंगवून तयार आहेत. एवढ्यावर भागेल का? शिवाय सरावाच्या दोन्ही डावांत नेपोलियन झालेल्या मित्राने प्रशियन फौज येण्याआधीच बाजी मारली. यावर उपाय काय?
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आपला उत्साह मोडण्याची इच्छा नाही, पण आधी हिशेब पाहू. आघाडी सुमारे ५ किलोमीटर धरली, तर आपल्या टेबलावरचा १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २७-२८ मीटर होतात. दोन रांगांत उभी राहिलेली ६०० शिपायांची इंग्रज पलटण साधारण दीडशे मीटर जागा व्यापत असे. म्हणजे टेबलावर तिच्या वाट्याला साडेपाच सेंटिमीटर येतात आणि तेवढ्यात आपले दोन-तीनच सैनिक मावतात. बंदुकीचा परिणामकारक पल्ला शंभरेक मीटर, म्हणजे चार सेंटिमीटरही नाही. संपूर्ण लढाईच मांडायची असेल, तर ६ मिलिमीटरचे सैनिक घ्यावेत. ५० शिपायांमागे १ सैनिक धरला, तरी नेपोलियनच्या ७३ हजारांसाठी जवळपास दीड हजार सैनिक रंगवावे लागतील. वेलिंग्टनचे ६८ हजार आणि प्रशियन निराळेच. जूनपर्यंत हे होणे कठीण आहे.

आहेत त्या दोनशे सैनिकांत ला हे सेंत या शेतवाड्याची झुंज मात्र फार चांगली रंगेल, आणि माझे मत त्याच बाजूने आहे. हा वाडा वेलिंग्टनच्या आघाडीच्या मध्याजवळ, रस्त्याला लागून होता. मेजर बेअरिंगच्या हाताखालच्या सुमारे ४०० जर्मन शिपायांनी तो दुपारभर राखला. १० शिपायांमागे १ सैनिक धरल्यास आत ४० पुरतात आणि उरलेले १६० फ्रेंचांकडे देता येतात. आदल्या रात्री पावसात भिजलेल्या शिपायांनी कोठाराचा दरवाजाच सरपणासाठी जाळला होता, तेव्हा तिथली भिंत उघडी ठेवावी. राखणाऱ्यांना काडतुसे मोजून द्यावीत, कारण बेअरिंगने वारंवार मागणी करूनही ती पोहोचली नाहीत आणि संध्याकाळी सहानंतर वाडा पडला तो मुख्यतः त्यामुळेच. प्रत्येक गोळीबाराला एक मोहरीचा दाणा वाटीतून काढला, तर बचाव करणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

भूभाग करताना एक सवय आवरावी लागेल. दिवाळीत किल्ले करून हात बसलेला पुणेकर कोणत्याही टेकडीला राजगडाची चढण देतो. वॉटर्लूची धार तशी नव्हती. ती लांब, मऊ उताराची होती. थर्माकोलचे पातळ थर एकावर एक सरकवून त्यांवर हिरवी बनात अंथरावी, एवढे पुरे. महत्त्वाचे आहे ते धारेच्या मागचे अंग, कारण वेलिंग्टनने आपले बहुतेक पायदळ तिथे आडोशाला ठेवले होते. टेबलाभोवती उभ्या असलेल्या खेळाडूला मात्र सगळेच दिसते. म्हणून तिथे सैनिक न मांडता पालथे पत्ते ठेवावेत, त्यांतले काही कोरे असावेत आणि शत्रू धारेवर पोहोचला की मगच ते उलटावेत.

आता आपल्या अजिंक्य नेपोलियनकडे वळू. आपण डाव पहाटे सुरू करत असणार, असा माझा अंदाज आहे. रात्रभरच्या पावसाने शेतांत चिखल झाला होता, तोफा हलत नव्हत्या आणि गोळे जमिनीवर उसळण्याऐवजी रुतत होते. त्यामुळे लढाईला तोंड लागले ते साडेअकराच्या सुमारास, आणि सेनापती ब्यूलोचे प्रशियन साडेचारच्या आसपास भिडले. अर्ध्या तासाची एक फेरी धरली, तर नेपोलियनच्या हाती मोकळ्या अशा दहाच फेऱ्या उरतात. प्रशियन येणार, हे त्यालाही दुपारी एकच्या सुमारास दूरवर फौज दिसल्यावर कळले होते. नेमके केव्हा येऊन पोहोचतील, हे कळले नव्हते. म्हणून एकाला पंच करावे आणि त्याने फासा टाकून ती फेरी गुप्तपणे ठरवावी. प्रशियातल्या राइसवित्झने १८२४ मध्ये सैन्यासाठी केलेल्या युद्धखेळातही सूत्रे पंचाकडेच असत. एवढे करूनही आपला मित्र जिंकलाच, तर त्याला जिंकू द्यावे. निकाल इतिहासाबरहुकूम लावण्याचा अट्टहास मला पटत नाही.

प्रश्न : असईची लढाई लढणारा सेनापती आणि वॉटर्लूचा वेलिंग्टन एकच का? ती लढाई टेबलावर मांडता येईल का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : होय, तोच. दुसऱ्या बाजीरावाला गादीवर परत बसवण्यासाठी १८०३ च्या एप्रिलमध्ये आर्थर वेलस्ली फौजेनिशी पुण्यात आला होता, आणि त्याच वर्षी २३ सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला, तो शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी लढला. मांडायला ही लढाई वॉटर्लूहून सोपी आहे, कारण वेलस्लीकडे सारे मिळून काही हजारच माणसे होती. केळणा नदीला उतार (पायी पार होण्याजोगी उथळ जागा) नाही, असे वाटाड्यांनी सांगितले असतानाही, दोन्ही काठांवर समोरासमोर गावे दिसतात त्या अर्थी उतार असलाच पाहिजे, असे त्याने ताडले आणि नदी ओलांडली. शिंद्यांच्या कवायती पलटणींनीही चटकन तोंड फिरवून नवी फळी धरली. तेव्हा शिंद्यांकडून खेळणाऱ्याला तोंड फिरवण्याची मुभा जरूर द्यावी, पण उताराची जागा आधी सांगू नये.