मुलगा तापट आहे, केबिन क्रूची नोकरी त्याला झेपेल का?

ताई, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्याला केबिन क्रूमध्येच जायचंय, फॉर्म भरायला निघालाय, आणि तुम्ही मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला ज्यात एक पॅसेंजर क्रूच्या अंगावर धावून येतोय, शिव्या देतोय आणि समोरचा मुलगा शांतपणे उभा राहून त्याच्याशी हळू आवाजात बोलतोय. तुम्ही लिहिलंय, "माझ्या मुलाने तिथेच एक ठेवून दिली असती. आणि नसती दिली तर मलाच वाईट वाटलं असतं." इतकं मोकळेपणाने लिहिलंत म्हणून मी पण मोकळेपणानेच लिहिते.

असे व्हिडिओ मी पण बघते आणि माझंही रक्त खवळतं. पण त्यात आपल्याला एकच माणूस दिसतो. तेवढ्या वेळात मागच्या गॅलीतून, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरातून, कोणीतरी इंटरफोनवर (विमानातल्या आतल्या फोनवर) कॅप्टनला कळवलेलं असतं, गरम चहा-कॉफीची ट्रॉली आत नेलेली असते, शेजारी लहान मूल असेल तर त्यांना दुसरीकडे बसवायचं चाललेलं असतं, सिनिअर दोन रांगा मागे येऊन उभी असते. तो जो शांत बोलतोय ना, तो या सगळ्यांसाठी वेळ काढतोय. तो सहन करतोय असं आपल्याला वाटतं, खरं तर तो काम करतोय.

आणि हात का उचलायचा नाही, तर विमानात तुम्ही दार उघडून कोणाला बाहेर काढू शकत नाही, पोलीस बोलावता येत नाहीत, अरुंद पॅसेजमध्ये झटापट झाली की दोन्ही बाजूच्या सीटवरची माणसं त्यात सापडतात. क्रू विमानात असतो तो मुळात सुरक्षेसाठी, जेवण वाढणं नंतर. साधारण 50 सीटमागे एक क्रू हा हिशोब त्यामुळेच असतो. अर्धीच दारं वापरून सगळं विमान 90 सेकंदात रिकामं होतं हे विमान बनवणाऱ्या कंपनीला ते पास करून घेताना दाखवावं लागतं, आणि खरी वेळ आली की लोकांनी ज्याच्या आवाजावर उठून पळायचं तो हाच मुलगा. दहा मिनिटांपूर्वी मारामारी करताना बघितलेल्या माणसाचं लोक तसं ऐकतील का, सांगा.

सिगरेटचंच घ्या. टॉयलेटमध्ये सिगरेट ओढू नका म्हटलं की काही जण भांडायलाच उठतात, "एवढं काय त्यात" म्हणून. 1973 मध्ये पॅरिसजवळ वारिग या ब्राझीलच्या विमान कंपनीचं एक विमान टॉयलेटमधल्या आगीमुळे उतरवावं लागलं, 123 माणसं गेली, बहुतेक जण धुराने. कचऱ्याच्या डब्यात पडलेल्या सिगरेटने आग लागली असावी असा संशय होता. क्रू तेव्हा हट्टाने नाही म्हणतो तो यासाठी. (टॉयलेटच्या दारावर आजही ॲशट्रे दिसतो, तो ओढायची परवानगी म्हणून नाही, कोणी नियम मोडून पेटवलीच तर ती डब्यात न टाकता नीट विझवता यावी म्हणून.)

आता कायद्याचं, कारण तुमच्या मुलासाठी हे फार महत्त्वाचं आहे. विमानातल्या गुन्ह्यांबद्दल देशादेशांमधला 1963 चा टोकियो करार आहे, त्यात विमानातला अधिकार कॅप्टनकडे दिलाय. गरज पडली तर माणसाला बांधून ठेवायचा, उतरल्यावर त्याला तिथल्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात द्यायचा. क्रूला तो मदतीला घेऊ शकतो, आणि विमानाला ताबडतोब धोका असेल तर क्रू परवानगीची वाट न बघता सुद्धा पाऊल उचलू शकतो. या कराराप्रमाणे वागलेल्या क्रूवर पुढे त्याबद्दल जबाबदारी येत नाही. म्हणजे बघा, चार जणांनी मिळून, शिकवल्याप्रमाणे एखाद्याला सीटला बांधलं तर कायदा तुमच्या मुलाच्या मागे उभा आहे. शिवी ऐकून डोकं फिरलं आणि थोबाडीत दिली, तर नाही. तीच दोन माणसं, तीच सीट, फरक फक्त कशासाठी हात उचलला एवढाच.

या करारात एक मोठी पळवाट होती, खटला चालवायचा अधिकार मुख्यतः विमान ज्या देशात नोंदलंय त्या देशाकडे होता, त्यामुळे दुसऱ्या देशात उतरल्यावर तिथले पोलीस म्हणायचे आमच्याकडे येत नाही, आणि माणूस घरी जायचा. 2014 च्या मॉन्ट्रियल प्रोटोकॉलने, म्हणजे याच करारात केलेल्या दुरुस्तीने, विमान उतरलेल्या देशालाही तो अधिकार दिला, 2020 पासून तो लागू आहे, पण ज्या देशांनी मान्य केलाय तिथेच. काम अजून अर्धंच झालंय असं माझं मत आहे.

भीती किती बाळगायची? आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेने 2023 साठी दिलेला आकडा आहे 480 फ्लाइटमागे पॅसेंजरच्या गैरवर्तनाची एक घटना, आदल्या वर्षी तो 568 फ्लाइटमागे एक होता. म्हणजे वाढतंय, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यात बरेचसे प्रकार न ऐकणं, आरडाओरडा, दारू जास्त होणं असे असतात. क्रू याच्या चार पायऱ्या मानतो, पहिली तोंडाने त्रास, दुसरी अंगावर हात, तिसरी जिवावर बेतणारी, चौथी कॉकपिटमध्ये घुसायचा प्रयत्न. बहुतेक भांडणं पहिल्या पायरीवरच विझतात, ती ज्यांनी विझवली त्यांचे व्हिडिओ कोणी टाकत नाही.

अजून एक, मुली क्रूमध्ये असतात त्यांना घाणेरडे स्पर्श, कमेंट हे सगळं जास्त झेलावं लागतं. अशा वेळी त्या पॅसेंजरकडे पुन्हा तिला न पाठवता दुसऱ्या कोणालातरी पाठवतात, आणि तो दुसरा अनेकदा तुमचा मुलगा असेल. नुकतंच आपल्या सहकारी मुलीला रडताना बघून आलेला, आणि तरी त्याच माणसाशी सरळ आवाजात बोलायचं, "सर, आता तुम्हाला ड्रिंक मिळणार नाही, ही शेवटची ताकीद." ताई, मला सगळ्यात अवघड हे वाटतं. व्हिडिओतल्या शिव्या त्यापुढे सोप्या.

म्हणून त्याच्या तापटपणाबद्दल मला नीट कळायला हवं. त्याला राग स्वतःच्या अपमानाचा येतो की दुसऱ्यावर अन्याय झाला की येतो? राग आल्यावर आवाज चढतो की हात उठतो? दुसऱ्या दिवशी काय झालं ते जसंच्या तसं सांगू शकतो का, की स्वतःची बाजू रंगवतो? शेवटचं अशासाठी विचारतेय की घटनेनंतर रिपोर्ट लिहावा लागतो, वेळ, सीट नंबर, नेमके शब्द, साक्षीदार, आणि पुढची केस त्या कागदावर उभी राहते. आवाज चढणारा मुलगा ट्रेनिंगमध्ये तयार होतो, हात उठणारा असेल तर मी आत्ता फॉर्म भरू नका म्हणेन, सहा महिने लोकांशी थेट बोलावं लागेल असं कुठलंही काम करू दे आणि मग बघू.

निवड झालीच तर जॉइन होण्याआधी त्याने कंपनीला एक विचारावं, क्रूने पोलिसांत तक्रार केली तर कंपनी सोबत उभी राहते का, जबाबासाठी जायला भरपगारी सुट्टी मिळते का. उत्तर देताना समोरचा अडखळला तर तेही उत्तरच समजा.

इंटरव्ह्यूला असा प्रसंग बऱ्याचदा देतात, म्हणून त्याला एक काम सांगा. रात्रीची फ्लाइट आहे, प्यायलेला पॅसेंजर चौथं ड्रिंक मागतोय, शेजारची बाई घाबरलीये, पर्सर (क्रूचा प्रमुख) पुढच्या गॅलीत आहे. पहिल्या दोन मिनिटात तो काय करेल ते त्याने स्वतः, तुमची मदत न घेता लिहावं आणि मला पाठवावं. मी वाचून तुम्हाला फोन करते.