कांट-हेगेल आज वाचून काही उपयोग आहे का?

तुम्ही विचारलंय की कांट, फिश्टे, शेलिंग, हेगेल ही जर्मन तत्त्वज्ञ मंडळी दोनशे वर्षांपूर्वीची; मेंदूविज्ञान आणि एआयच्या जमान्यात त्यांचा जर्मन चिद्वाद (जग समजण्यात मनाचा, जाणिवेचा वाटा मुळातला मानणारा विचार) परीक्षेपुरताच उरलाय का?

विश्वाचं सगळं कोडं एकाच व्यवस्थेत सोडवायचा त्यांचा आटापिटा संपला, आणि तो वाचवायच्या भानगडीत मी पडणार नाही. पण त्यातले निदान दोन विचार आजही रोजच्या वापरात आहेत.

पहिला कांटचा. १७८५ सालच्या नीतिशास्त्रावरच्या छोट्या पुस्तकात तो म्हणतो की ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरं काही ठेवता येतं. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. वाचताना हे सुविचारासारखं वाटतं. आता जर्मनीत याचं काय झालं ते बघा. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर तिथे एक कायदा झाला: अपहृत विमान लोकांवर आदळवलं जाणार असेल तर हवाई दलाला ते पाडता येईल. १५ फेब्रुवारी २००६ रोजी कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. प्रवासी तसेही मरणारच आहेत, मग खालचे तरी वाचवू, हा युक्तिवाद कोर्टाने मानला नाही. इतरांच्या बचावासाठी निरपराध प्रवाशांना मारणं म्हणजे त्यांना निव्वळ वस्तू करणं, आणि १९४९च्या जर्मन राज्यघटनेचं पहिलंच कलम मानवी प्रतिष्ठेला हात लावू देत नाही. विमानात फक्त हल्लेखोर असतील तर मात्र ही हरकत उरत नाही, कारण ते स्वतःच्या कृत्याला स्वतः जबाबदार आहेत. हा भेदसुद्धा अस्सल कांटचा वाटतो.

मला हा निकाल पूर्ण पटत नाही. खाली भरलेलं स्टेडियम असेल तर सरकारने हात बांधून बघत बसायचं? पण त्याच्याविरुद्ध वाद घालायचा तर गाठ कांटशी पडते, त्याला वळसा घालून जाता येत नाही. २०१७ मध्ये जर्मनीच्या समितीने चालकविरहित गाड्यांसाठी नैतिक नियम सुचवले, तेव्हाही हाच धागा आला: अपघात अटळ असला तरी कोणाला वाचवायचं हे गाडीने वय किंवा लिंग बघून ठरवायचं नाही. एआयचं म्हणत होतात ना, हे घ्या.

दुसरा विचार मान्यतेचा. मी स्वतःला 'मी' म्हणून ओळखतो ते दुसऱ्याने मला माणूस म्हणून मानलं तरच, हे आधी फिश्टेने मांडलं. हेगेलने १८०७च्या 'फेनॉमेनॉलॉजी ऑफ स्पिरिट' या ग्रंथात त्यातून मालक आणि दासाचा प्रसंग रचला. मालकाला मान हवा असतो, पण ज्याला तो माणूसच मानत नाही त्याने दिलेल्या मानाला अर्थ काय? दास मात्र राबता राबता, वस्तू घडवता घडवता स्वतःला ओळखायला लागतो. १९३०च्या दशकात तत्त्वज्ञ अलेक्सांद्र कोजेव्हने पॅरिसमध्ये यावर व्याख्यानं दिली आणि फ्रान्समधली एक पिढी त्यावर पोसली. वसाहतवादाचा टीकाकार असलेल्या फ्रान्झ फॅननने १९५२ साली 'ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स' या पुस्तकात हेगेललाच उलट प्रश्न केला: वसाहतीतल्या गोऱ्या मालकाला काळ्या माणसाकडून मान कुठे हवाय, त्याला हवं आहे फक्त काम! हेगेलवरची इतकी नेमकी टीका मी दुसरी वाचलेली नाही. पुढे जर्मन तत्त्वज्ञ ॲक्सेल होनेथने १९९२ मध्ये अवहेलना आणि सामाजिक लढे यांचा सिद्धान्त याच पायावर बांधला.

जाता जाता, डॉ. आंबेडकरांचे कोलंबिया विद्यापीठातले गुरू, अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युई तरुणपणी हेगेलवादी होते, आणि तो ठसा कायमचा राहिल्याचं त्यांनी १९३० साली स्वतः लिहिलं.

मेंदूविज्ञानाबद्दल थोडक्यात: मेंदू जग नुसतं टिपत नाही, अंदाज बांधत जातो, या आजच्या मताचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञामार्गे कांटपर्यंत नेतात. संबंध आहे, पण कांट मेंदूबद्दल बोलतच नव्हता. फार ताणू नये. शेलिंगच्या निसर्गविचाराकडे पर्यावरणवाले हल्ली वळतात, त्यात माझी गती बेताची.

आणि भक्तिभावाने वाचू नका. माणसाची प्रतिष्ठा सांगणाऱ्या कांटनेच वंशांची उतरंड लावली, आणि हेगेलने आफ्रिकेला इतिहासाच्या बाहेर बसवलं. तिथे त्यांच्याच कसोटीवर त्यांना धरायचं.

सुरुवात कांटच्या १७८४च्या 'प्रबोधन म्हणजे काय?' या निबंधाने करा, काही पानांचाच आहे. मग हेगेलचं मालक-दास प्रकरण आणि लगेच फॅनन. हेगेलच्या तर्कशास्त्राला सध्या हात लावू नका.